उष्णतेने काय जाते आणि काय उरते: एका प्रतिक्रियेला उत्तर

विषारी द्विदल दाणे शिजवून पशुखाद्यात वापरण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. उष्णतेने सर्वच विषे जातात असा समज मी करून दिला, हा एक. आणि तापवल्याने प्रथिनांचे होणारे नुकसान मी लपवले, हा दुसरा. पहिला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धाच.

‘नीट शिजवले की दाणा निर्विष होतो’ हे माझे विधान फार ढोबळ होते. सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधके (प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवणारे घटक) आणि राजम्यातील लेक्टिन हे विष ही स्वतः प्रथिने असल्यामुळे ओलसर उष्णतेने त्यांची घडण मोडते. मात्र राजम्याला खरी उकळी लागते, ८० अंशांवर रेंगाळलेले पाणी पुरत नाही. याउलट लाखेच्या डाळीतील ओडॅप हे विष, ल्युपिनमधील कडू अल्कलॉइडे किंवा खाजकुइलीतील एल-डोपा हे लहान रेणू आहेत आणि त्यांच्यासाठी केवळ उष्णता पुरेशी नाही. ते पाण्यात उतरतात, म्हणून भिजवणे, उकळणे आणि ते पाणी फेकून देणे हाच त्यांच्यावरचा मुख्य उपाय. सायनाइड देणाऱ्या लिमा घेवड्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. दाणा थेट शिजवला तर विष मोकळे करणारे त्याचे विकर मरते, पण मूळ ग्लायकोसाइड (ज्यातून सायनाइड सुटते ते शर्करायुक्त संयुग) शाबूत राहते आणि पुढे आतड्यातील जिवाणू ते फोडू शकतात. तेथे आधी भरडून भिजवायचे, विकराला त्याचे काम करू द्यायचे आणि मग उघड्या भांड्यात उकळून वायू घालवायचा, हा क्रम पाळावाच लागतो. तो मी लिहायला हवा होता.

प्रथिनांबाबत आपले म्हणणे असे की, कच्चा दाणाच अधिक पौष्टिक. अतिउष्णतेने लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल शर्करांशी बांधले जाऊन निरुपयोगी होते, हे खरेच. परंतु कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि शिजवलेल्यावर ती होते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले होते. रोधकांमुळे कोंबडीच्या पिल्लांचे स्वादुपिंड जादा विकरे स्रवत फुगते आणि पचनासाठीची प्रथिनेच शरीराबाहेर जातात; कागदावरचे प्रथिन मग कोणाच्या कामी येणार? म्हणून मोजमाप दोन्ही बाजूंनी करावे. युरिएज हे सोयाबीनमधील विकर रोधकांप्रमाणेच उष्णतेने मरते, म्हणून ते किती उरले यावरून शिजणे जोखता येते. या युरिएज चाचणीत सामूतील (pH मधील) वाढ साधारण ०.०५ ते ०.२० असावी, ती जास्त असेल, तर दाणा कच्चा राहिला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिन-विद्राव्यता ७० टक्क्यांच्या खाली गेली, तर तो करपला असे समजावे.

रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांना कच्चे सोयाबीन चालते, हे आपले निरीक्षण योग्य आहे, कारण त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव रोधके बऱ्याच अंशी मोडून टाकतात. लहान वासरांना मात्र ते देऊ नये, कारण त्यांचे ते पोट अजून तयार झालेले नसते. आणि खाद्यात युरिया असेल, तर प्रौढ जनावरांनाही कच्चे सोयाबीन देऊ नये, कारण दाण्यातील युरिएज त्यातून झपाट्याने अमोनिया मोकळा करते आणि जनावर दगावू शकते.