'अचानक' काहीच झालं नव्हतं: बर्लिनच्या कोंडीविषयी

'२४ जून १९४८ला स्टालिनने अचानक बर्लिनची नाकेबंदी केली, कारण त्याला अख्खं शहर गिळायचं होतं. बर्लिनकर हताशपणे बघत राहिले आणि एकट्या अमेरिकेने त्यांना वाचवलं.' हा मजकूर सर्रास फिरतो. वीस लाखांवर माणसांचं अन्न आणि कोळसा अडवणं अमानुषच होतं, त्याची वकिली मी करणार नाही. पण या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं.

'अचानक' कसं? युद्धानंतर जर्मनी आणि बर्लिन, दोन्ही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चौघांत विभागलेले होते. पश्चिमी देश लंडनमध्ये सोव्हिएत संघाला वगळून वेगळं पश्चिम जर्मन सरकार उभारण्याची बोलणी करत होते. त्यावरून २० मार्चलाच सोव्हिएत प्रतिनिधी जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चौघांच्या नियंत्रण मंडळातून उठून गेले. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या लष्करी रेल्वेगाड्या अडवल्या गेल्या. २० जूनला पश्चिम विभागांत नवं चलन, नवा मार्क, आला. तिथे रद्द झालेल्या जुन्या नोटा पूर्वेत लोटल्या जातील, ही सोव्हिएत भीती खोटी नव्हती. २३ जूनला सोव्हिएतांनी आपलं चलन सगळ्या बर्लिनला लागू केलं. पश्चिमेने ते नाकारून आपला मार्क शहरात आणला आणि रस्ते, रेल्वे, कालवे बंद झाले.

'शहर गिळायचं होतं'? पश्चिमी सैन्य बर्लिनमधून गेलं असतं तर स्टालिनला हवंच होतं. पण २ ऑगस्टला तीन पश्चिमी प्रतिनिधींशी बोलताना त्याने रेटलं काय? बर्लिनमधून पश्चिमी मार्क मागे घ्या आणि लंडनच्या निर्णयांची अंमलबजावणी थांबवा. खरं भांडण सगळ्या जर्मनीचं होतं. बर्लिन सोव्हिएत विभागात दीडशेहून अधिक किलोमीटर आत, म्हणून तिथे नाक दाबणं सोपं. त्यातून लेखी करार होता तो फक्त तीन हवाई मार्गांचा, १९४५चा. रस्त्यांबाबत सगळं तोंडी.

'एकट्या अमेरिकेने' हेही खरं नाही. कोंडीतल्या शहराला अन्न आणि कोळसा विमानांनी पोचवला जात होता, आणि त्यात ब्रिटिश विमानंही अखेरपर्यंत उडत होती.

आणि 'बर्लिनकर बघत राहिले' हे तर मला सहनच होत नाही. ऑक्टोबर १९४६च्या निवडणुकीत त्यांनी सोव्हिएतांच्या लाडक्या पक्षाला वीस टक्केही मतं दिली नव्हती. १९४७मध्ये निवडलेला महापौर अर्न्स्ट रॉयटर सोव्हिएतांनी नाकारला. कोंडीत पूर्व भागातून रेशन घ्या, असं सांगितलं गेलं. बहुतेकांनी घेतलं नाही. ही विमानं उतरवायला शहरातल्या टेगेल इथली धावपट्टी बाँबहल्ल्यांतल्या विटामातीचा थर घालून हजारो बर्लिनकरांनी सुमारे तीन महिन्यांत उभी केली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

१२ मे १९४९ला कोंडी उठली. जे वेगळं राज्य रोखायला ती घातली होती, त्याची राज्यघटना ११ दिवसांनी, २३ मे रोजी जाहीर झाली.