बिनपगारी नोकरी, तीही जोडीनं

अमेरिकेत युटा राज्यात मुलाकडे राहून आलेल्या कुणालाही विचारा. मिशनरी म्हटलं की पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी आणि दोघादोघांनी हिंडणारी विशीतली पोरं आठवतात. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची ही पोरं दोन वर्षं, मुली दीड वर्ष, चर्च धाडेल तिथे जातात. मला मात्र जास्त कुतूहल वाटलं ते साठी-सत्तरीतल्या नवराबायकोंचं. तेही जातात. युटातल्याच लीहाय गावात माझ्या मुलाच्या शेजारी असंच एक जोडपं आहे, फिलिपीन्समध्ये सेबूला दीड वर्ष राहून आलेलं. तो दातांचा डॉक्टर होता, ती शाळेत शिकवायची.

मला वाटलेलं, दारोदार धर्मपुस्तकं वाटत फिरले असतील. छे! ज्येष्ठ जोडप्यांवर दारं ठोठावायची सक्ती नसते, नवी भाषा शिकायचीही नसते. यांच्या वाट्याला मिशनचं ऑफिस आलं. पोरांच्या खोल्यांची भाडी भरा, घरमालकाशी गळक्या छपरावरून हुज्जत घाला, व्हिसाचे कागद पुढे सरकवा, नवी तुकडी विमानतळावरून आणा, मुदत संपलेली सोडून या. कुणाला ताप आला की पहिला फोन तिलाच. खोल्यांची तपासणीही तीच करायची. "बाथरूम बघितली की पोरगा घरी कसा वाढलाय ते कळतं," असं ती म्हणाली आणि मला माझ्या सासूबाईच आठवल्या.

बाकी दिवस आपल्यासारखाच. बाजारहाट, गुडघेदुखी, वीज गेली की पंप बंद आणि बादल्या भरून ठेवल्या नाहीत म्हणून एकमेकांवर चिडणं. सेबूच्या आंब्याचं तिनं एवढं कौतुक केलं, की देवगडचं नाव माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पाहुणी होते, गप्प बसले. ते तिकडे असताना त्यांना नातू झाला, तो त्यांनी फोनवरच पाहिला. आमच्या घरांत हे कुणी खपवून घेतलं असतं का? सुनेचे दिवस भरत आलेत आणि आईबाबा परक्या पोरांच्या बाथरूमा तपासतायत!

आम्हीही परदेशात जातो, पण बाळंतपणाला, नाहीतर नातवंडं सांभाळायला. टुरिस्ट व्हिसावर बहुधा सहा महिने मिळतात. गाडी चालवता येत नाही, म्हणून शनिवारची वाट बघायची. ह्यांचा दिवस वॉलमार्टच्या बाकावर नाहीतर मराठी बातम्यांच्या चॅनेलवर जातो, माझा स्वयंपाकघरात. नातवंडांचा लळा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळीस वर्षं नोकरी-संसार केलेल्या दोन माणसांचा उपयोग फक्त सख्ख्यांनाच व्हावा, हे मला अलीकडे पटेनासं झालंय.

आता त्यांचं सगळं गोडच आहे असंही नाही. भाडं, खाणंपिणं सगळं पदरचं. म्हणजे ज्याची पेन्शन भक्कम, त्यालाच हे परवडणार. शिवाय हे दोघं स्वतः दार ठोठावत नसले, तरी ठोठावणाऱ्या पोरांचा कारभार त्यांच्याच जिवावर चालतो. धर्म वाढवण्यासाठी केलेली सेवा मला आतून रुचत नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती रागावली नाही. "आम्ही त्यासाठीच गेलो होतो," एवढंच म्हणाली.

तरीही एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष, तेवीस महिने अशा ठरलेल्या मुदती. काम ठरलेलं. नेमणूक दोघांची, म्हणजे नवरा समाजकार्याला आणि बायको त्याच्या डब्याला असा प्रकार नाही. आपल्याकडे माणसं हवी असलेल्या संस्था ढीगभर आहेत. निवृत्तांना त्या सत्कारासाठी बोलावतात, नाहीतर देणगीसाठी. "तुम्ही दोघं वर्षभर या, राहायला खोली देतो, हे हे काम करा," असं आम्हाला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

ह्यांचं म्हणणं, पगाराशिवाय रोज वेळेवर कामाला जाणं आपल्याच्यानं व्हायचं नाही. माझं म्हणणं, बोलावणं दोघांच्या नावानं येऊ दे, मग बघू. कुणाला अशी संस्था माहीत असेल तर कळवा. राज्याबाहेरची, देशाबाहेरचीही चालेल. मला हिशेब आणि बँकेची कामं येतात, ह्यांना पंप आणि वायरिंग. खोली शक्यतो तळमजल्यावरची हवी.