विस्कळीत आहे, पण दुय्यम नाही: पीटर गॅब्रिएलचा पहिला अल्बम

पीटर गॅब्रिएलचा पहिला, १९७७ चा सोलो अल्बम विस्कळीत आहे, म्हणून दुय्यम आहे, हे मत इतक्या वेळा कानावर आलंय की आज त्यावर सविस्तर लिहितोच. विस्कळीत आहे, कबूल. दुय्यम अजिबात नाही. जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या गायकाचा पहिलाच अल्बम घोटीव आणि एकसुरी निघाला असता, तर उलट मला शंका आली असती.

आधी तो बाहेर का पडला ते बघू. १९६७ मध्ये चार्टरहाउस शाळेतल्या पोरांनी काढलेला हा बँड, आणि गॅब्रिएल त्याचा चेहरा. तोही बहुतेक वेळा मुखवट्याआडचा: कधी लाल झग्यावर कोल्ह्याचं डोकं, कधी चेहऱ्याभोवती फुलाच्या पाकळ्या. १९७४ च्या दुहेरी अल्बमचे जवळपास सगळे शब्द एकट्याने लिहायचा हट्टही त्याचाच. त्याच वर्षी त्याची थोरली मुलगी जन्मली आणि जन्मतःच तिच्या जिवावर बेतलं. बँडचा मुक्काम वेल्समध्ये, मुलगी लंडनच्या हॉस्पिटलात, आणि हा दोन्हींच्या मध्ये गाडी हाकतोय. त्या वेळी आपण त्याला समजून घेतलं नाही, हे बँडमधल्यांनी नंतर मान्य केलंय. दौरा पार पाडून १९७५ मध्ये तो निघाला. वर्तमानपत्रांना पाठवलेल्या पत्रात त्याने भाजीपाला पिकवण्यातल्या आनंदाचाही उल्लेख केला होता. वय पंचवीस. बँड ऐन भरात. अशा वेळी सोडायला काय लागत असेल, याचा जरा विचार करा.

इकडे फिल कॉलिन्स ड्रम्समागून पुढे येऊन गाऊ लागला आणि जेनेसिसचा १९७६ चा अल्बम जोरात चालला. म्हणजे गॅब्रिएलवाचून बँडचं काही अडलं नव्हतं. आता सिद्ध करायचं होतं ते यानेच.

त्याने निर्माता निवडला बॉब एझ्रिन, रॉक गायक ॲलिस कूपर आणि ‘किस’ बँडचे दणदणीत अल्बम करणारा. रेकॉर्डिंग टोरोंटोत. स्टीव्ह हंटर आणि डिक वॅग्नर हे गायक लू रीडबरोबर वाजवलेले गिटारवादक, किंग क्रिम्झन बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप, सिंथसायझरवर लॅरी फास्ट, बासवर टोनी लेव्हिन. या लेव्हिनने एका गाण्यात ट्युबा वाजवलाय आणि वाद्यांशिवाय चार आवाजांत गाणाऱ्या बार्बरशॉप चौकडीचं म्होरकेपणही केलंय. एका गाण्यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. एक संथ, मद्यधुंद ब्लूज आहे. नऊ गाण्यांत माणूस नऊ दारं ठोठावतोय. त्याला गोंधळलेला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आठ वर्षं चौघांच्या संमतीने गाणी केलेल्या माणसाने पहिल्या मोकळ्या दिवशी दुसरं काय करायचं?

आणि मग ‘सॉल्सबरी हिल’. बाथ शहराजवळची ही खरीखुरी टेकडी. गाण्यातला माणूस वर उभा राहून खालचे दिवे बघतो आणि हातातलं सोडून द्यायचं ठरवतो. हे कशाबद्दल आहे ते सांगायला नको. मला मात्र त्याची लय बघाविशी वाटते. हाताने मोजा, सात मात्रा भरतात. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात नवे नाहीत, पण इथे खाली-भरीचा खेळ नाही. बास ड्रम एकेका मात्रेवर सरळ पडत राहतो, त्यामुळे सात मोजतोय हे कळतही नाही. फक्त प्रत्येक फेरी एक मात्रा आधीच संपते आणि पुढचं पाऊल लवकर पडतं. ध्रुवपदाच्या शेवटी, घरी न्यायला आलोय असं म्हणताना, लय चारवर येते आणि अंग सैल पडतं. जेनेसिसमध्ये विषम मात्रा म्हणजे वाजवणाऱ्यांचं कसब दाखवायची जागा. इथे त्याच मात्रा अकूस्टिक गिटारवर, गुणगुणता येईल अशा चालीखाली गुपचूप बसल्यात. इंग्लंडमध्ये हे गाणं तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम सातव्या. अख्ख्या अल्बमात इतकं उघड, मुखवट्याशिवाय तो दुसरीकडे कुठे गात असेल तर ‘हमड्रम’च्या सुरुवातीला.

दोष कुठे आहे तेही सांगतो. शेवटचं ‘हिअर कम्स द फ्लड’. गाणं अप्रतिम, पण एझ्रिनने त्यावर एवढा डोलारा चढवलाय की आतला माणूस दिसेनासा होतो. हे गॅब्रिएललाही खटकत होतं. १९७७ च्या दौऱ्यात तो हे गाणं पियानोवर एकटा गायचा, १९७९ मध्ये फ्रिपच्या अल्बमसाठी त्याने ते जवळजवळ उघडं करून गायलं, आणि १९९० च्या संकलनासाठी पुन्हा नव्याने केलं. एका गाण्यासाठी तेरा वर्षं झगडणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. जाणकार म्हणवणारे याच गाण्याकडे बोट दाखवून अल्बम मोडीत काढतात, तेव्हा मला राग येतो तो यामुळेच.

पुढचं बरंचसं इथेच रुजलंय. पुढचा अल्बम फ्रिपनेच केला. १९८० च्या तिसऱ्या अल्बमात झांजा वर्ज्य करून जो ड्रम्सचा आवाज काढला, तो वाजवायला कॉलिन्सच आला होता, म्हणजे दोघांत कटुता नव्हती. १९८२ मध्ये जगभरच्या संगीताचा वोमॅड महोत्सव, १९८९ मध्ये आलेल्या एका चित्रपटाच्या संगीताच्या अल्बमात नुसरत फतेह अली खान आणि व्हायोलिनवर एल. शंकर. आणि टोरोंटोत भेटलेला लेव्हिन २०२३ च्या अल्बमातही बासवर आहेच.

ज्यांनी फक्त ऐंशीच्या दशकातला, व्हिडिओंमधला गॅब्रिएल ऐकलाय, त्यांनी ‘फ्लड’ची तिन्ही रूपं क्रमाने ऐकावीत: आधी १९७७ च्या या अल्बमातलं, मग १९७९, मग १९९०. माझा कौल १९७९ ला. १९९० चं जास्त नितळ आहे असं म्हणणारे खूप आहेत, त्यांच्याशी भांडायची माझी तयारी आहे.