आजारी संगणकाचा पाहुणचार

मुंबईच्या सोसायटीत ज्याला विंडोज नव्याने टाकता येते, त्याचा मान डॉक्टरच्या बरोबरीचा असतो. फी मात्र एक बशी कांदेपोहे. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे काका रविवारी सकाळी जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू घेऊन दारात उभे राहिले आणि "फार काही नाही रे, जरा स्लो झालाय, आणि मध्येमध्ये कसल्यातरी जाहिराती येतात" असे म्हणाले, तर आपण नेमके काय करावे, याविषयी काही अनुभवसिद्ध सूचना देणे मी कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम त्या यंत्राला घरच्या राउटरची केबल जोडावी. नेट नसेल तर अँटीव्हायरस अपडेट कसा होणार, हा बिनतोड युक्तिवाद आपल्यापाशी आहेच. अपडेट उतरण्याआधी आतला व्हायरस आपल्या मालकाशी बोलून घेईल आणि मग घरातील इतर मंडळींची विचारपूस करील. पण त्यात वावगे काय? त्याच नेटवर्कवर सौभाग्यवतींचा ऑफिसचा लॅपटॉप आहे, मुलीचा टॅब आहे आणि बाळावर लक्ष ठेवणारा कॅमेरा आहे, ज्याचा पासवर्ड खोक्यावर छापलेला होता तोच आजही आहे. तो बदलण्याचे पाप करू नये. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने असे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेल्या साठएक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून पाहत. लोकांनी पासवर्ड बदलले असते, तर त्या बिचाऱ्याने काय केले असते?

"मी कशावर क्लिकच करत नाही" असे म्हणणाऱ्यांनी तर अगदी निर्धास्त राहावे. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना कोणाच्या क्लिकची वाट पाहत नव्हता. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील एक भोक त्याला पुरेसे होते. ते बुजवणारे अपडेट 14 मार्चलाच आले होते. पण "नंतर आठवण करा" हे बटण इतके जवळ असताना ते कोण लावतो? जूनच्या अखेरीस त्याच भोकातून शिरणाऱ्या नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. आपल्या दोन खोल्यांत कंटेनर मावत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

काही अतिशहाणे माळ्यावरचा जुना राउटर काढून मुख्य राउटरला जोडतात आणि रोग्याला त्या दुसऱ्या राउटरमागे बसवून निश्चिंत होतात. या मंडळींचे मला विशेष कौतुक वाटते. राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नव्हे. म्हणजे आतल्या खोलीत ठेवलेला रोगी दार उघडून थेट आपल्या दिवाणखान्यात येतो, आपल्याला मात्र त्याच्या खोलीत जाता येत नाही. घरची यंत्रे आतल्या राउटरवर आणि रोगी बाहेरच्यावर, अशी उलट मांडणी करण्याचा चावटपणा टाळावा. गेस्ट नेटवर्कही चालू करू नये. त्यावरचे यंत्र इंटरनेट पाहते पण सहसा घरातील इतर यंत्रे पाहू शकत नाही, आणि काकांना हे कळले तर त्यांना केवढे वाईट वाटेल!

आता पेन ड्राइव्हकडे वळू. केबल मुळीच न जोडता लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, तर रोग्याची विंडोज जागीच होत नाही आणि फोटो सुखरूप बाहेर काढता येतात; पण त्यात साहस कुठे आहे? आपण सरळ विंडोज चालू करून स्वतःची पेन ड्राइव्ह खुपसावी. क्षणभराने तिच्यातील प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात इवलासा बाण दिसू लागेल आणि प्रत्येकाचा आकार एक-दोन केबी होईल. खरे फोल्डर लपवलेले असतात आणि बाणावर दोनदा टिचकी मारणाऱ्याला फोल्डरसोबत व्हायरसही मिळतो. हीच पेन ड्राइव्ह सोमवारी दादर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली, की उरलेल्या शहराची सोय होते. मुंबईतल्या मांडवीत 1896 साली प्लेग आला, तेव्हा शास्त्रज्ञ हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस आधी स्वतःला टोचून घेतली होती; आपले धाडस त्याच परंपरेतले आहे, फरक एवढाच की त्यांनी आधी लस तयार केली होती.

बॅकअपची हार्ड डिस्क अर्थातच कायम जोडलेली असावी, म्हणजे फाइल्सना कुलूप लावणाऱ्या व्हायरसला ती शोधत बसावे लागत नाही.

एवढे सारे करूनही सीपीयू सुधारलाच, तर तो त्याच चादरीत गुंडाळून परत द्यावा. काका वर जातात, टेबलावर पडलेली आपली जुनी पेन ड्राइव्ह, जिच्यावर पुतण्याच्या लग्नाचे फोटो आहेत, ती सीपीयूला लावतात आणि संध्याकाळी त्यांचा फोन येतो: "अरे, तू हात लावल्यापासून जास्तच स्लो झालाय."