सिमेंट भरल्यावर चावताना दुखलं म्हणजे नस गेली?

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज. "दातात सिमेंट भरल्यावर चावताना दुखलं तर समजा नस दुखावली, आता रूट कॅनलच. परत जाऊ नका, पैसे उकळतील. चावत राहा, झिजून बसेल, तोवर लवंगेचं तेल लावा. चांदी भरली असती तर दुखलंच नसतं." हे वाचून आमची मावशी दोन आठवडे एकाच बाजूने जेवतेय, म्हणून लिहितोय.

आधी नस. फक्त चावतानाच दुखतंय, एरवी काही नाही, तर बहुतेकदा सिमेंट उंच राहिलेलं असतं. खालच्या दाढेला इंजेक्शन दिलं की दोन-तीन तास ओठ-जीभ सगळं बधिर, आणि तशातच डॉक्टर विचारतात, चावून बघा, उंच लागतंय का? काय डोंबल कळणार! मीपण "ठीक आहे" म्हणून घरी आलो आणि रात्री भाकरीच्या पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. उंचवटा असतो केसाएवढा, पण तो सगळ्यात आधी टेकतो, सगळा जोर त्या एकाच दाढेवर येतो आणि मुळाभोवतीचं पातळ आवरण सुजतं, दुखतं ते तिथे. नस खरंच बिघडली की काही न खाताही ठणकतं, रात्री झोपमोड होते, गरम चहाची कळ मिनिटभर हटत नाही. असं असेल तर मात्र थांबू नका. गार पाण्याने क्षणभर झिणझिणलं तर ते सुरुवातीला होतं बऱ्याच जणांना.

परत जाऊ नका म्हणे! मी पाचव्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी कार्बनसारखा निळा कागद दातांत धरून चावायला लावलं, बाकी दातांवर फिकट खुणा आणि या दाढेवर मधोमध एक गडद ठिपका. तिथे मशीन दोनदा टेकवलं, परत कागद, ठिपका फिका. पाच मिनिटं, ना इंजेक्शन, ना पैसे. पुढे दोन दिवस थोडं हुळहुळलं, बस.

झिजून बसेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, पांढरं सिमेंट निळ्या लाइटने कडक केलेलं असतं, ते झिजायच्या आधी दाताचाच टवका उडू शकतो. आणि हो, चावताना नाही तर चावलेलं सोडताना सणक जात असेल तर दाताला चीर गेलेली असू शकते, तेही तपासून घ्या.

लवंगेत युजेनॉल असतं, त्याने बधिरपणा येतो हे खरं, डॉक्टरपण तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. पण त्याने उंची कशी कमी होणार? उलट नुसतं तेल लावून मावशीची हिरडी पांढरी पडलीय.

राहिली चांदी. तीपण उंच राहते की! पूर्ण कडक व्हायला तिला साधारण दिवस लागतो, म्हणून त्या बाजूने 24 तास खाऊ नका म्हणायचे. शिवाय तिच्यात पारा असतो, युरोपियन युनियनने तर 1 जानेवारी 2025 पासून काही अपवाद सोडून ती बंदच केलीय.

मावशीची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय.