स्विमिंग पूलमधल्या काळ्या डागांच्या तक्रारीला पूल-सफाईवाल्या मालकाचं उत्तर

नमस्कार. ‘तीन वेळा क्लोरीन ओतलं, अठरा हजार घेतले आणि डाग होते त्याहून काळे झाले. आधी शेवाळ म्हणाले, आता लोखंड म्हणतात,’ असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. यातलं काहीच खोटं नाही.

चूक आमची कुठे झाली ते सांगतो. आमच्या मुलाने पायऱ्यांजवळचे काळे ठिपके घासले, पाण्यात हिरवट-काळी रेघ सुटली, आणि सगळ्या पूलमध्ये शेवाळच आहे असं त्याने धरून टाकलं. पायऱ्यांपुरतं ते बरोबर होतं. तिथे फणसाची सावली, पाणी फिरत नाही, आणि टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या ग्राउटच्या फटी खडबडीत. आम्ही धंद्यात त्याला काळं शेवाळ म्हणतो, पण तो खरा तर जिवाणूंचा प्रकार. वर चिकट थर आणि पाय फटीत रोवलेले, त्यामुळे न घासता ओतलेलं क्लोरीन वरून निघून जातं.

तळावरचे डाग मात्र वेगळे होते. ब्रशने हलत नव्हते, पायाला गुळगुळीत लागत होते आणि त्यातले काही चक्क पानाच्या आकाराचे होते. आपल्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या जांभ्या दगडात लोह. बोअरचं पाणी काढताना नितळ दिसतं, कळशीत रात्रभर ठेवलं की तांबूस गाळ बसतो. तुमच्याकडे बोअरच्या पाण्याचा चहा काळा होतो, म्हणून पिण्याला विहिरीचं पाणी घेता, हे वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या मुलाने चहा घेतला, मुद्दा तिथेच ठेवला. असल्या पाण्यात क्लोरीनचा मारा केला की विरघळलेलं लोह गंजून तळाला धरतं. त्यात कुजलेल्या पानांचा तुरट अर्क. पूर्वी तुरट हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून काळी शाई करायचे. तीच आम्ही तुमच्या टाइल्सवर केली.

मी स्वतः आलो तेव्हा व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून फडक्यात बांधल्या आणि तळावर दाबून ठेवल्या. थोड्या मिनिटांत डाग फिका पडला, तुम्ही शेजारीच उभे होता. तीच पुरचुंडी पायऱ्यांवर ठेवली, काही फरक नाही. म्हणजे तळावर लोह, पायऱ्यांवर शेवाळ. मेडिकलमधल्या एका पाकिटात होणारी ही परीक्षा पहिल्या दिवशी व्हायला हवी होती.

आता दोन आजारांची औषधं एकमेकांच्या विरोधात आहेत. लोहाचा डाग सोडवायला क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणावं लागतं, नाहीतर ते व्हिटॅमिन सीच खाऊन टाकतं. शेवाळाला उलट क्लोरीन जोरात लागतं. म्हणून आधी डाग सोडवू, मग ते लोह मिसळलेलं निम्मं पाणी काढून विहिरीचं भरू, राहिलेल्या लोहाला पाण्यातच धरून ठेवणारं औषध घालू आणि शेवटी पायऱ्या. मधले दोन-तीन दिवस पाणी हिरवट दिसेल, तेव्हा पुन्हा एक स्टार देऊ नका! पाणी पूर्ण काढणार नाही. पावसाळ्यात रिकामा पूल खालच्या पाण्याने वर उचलला गेलेला मी पाहिलाय.

निम्मं पाणी बदलायचं दुसरंही कारण आहे. तरंगत्या डब्यातल्या क्लोरीनच्या गोळ्यांसोबत पाण्यात सायन्युरिक आम्ल साठत जातं. तुमच्याकडे ते १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) वर गेलंय. ते क्लोरीनला बांधून ठेवतं, त्यामुळे पाणी तपासायच्या किटवर क्लोरीन ३ पीपीएम दिसतं, पण ते कामाला येत नाही.

तुमची एक मागणी मी मान्य करणार नाही. ‘सरळ अ‍ॅसिड मारून मोकळे व्हा.’ अ‍ॅसिड ग्राउट खातं, फटी आणखी खडबडीत होतात आणि शेवाळाला पाय रोवायला नवी जागा मिळते. आणि राखणदारांनी लोखंडी तारेच्या ब्रशने घासणं थांबवायला हवं. त्याच्या तुटलेल्या तारा फटीत अडकून गंजतात. मोरचूद टाकणंही बंद, त्यातलं तांबं आणखी डाग पाडतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेचे पैसे परत पाठवतोय. पुढच्या कामाची मजुरी घेणार नाही. व्हिटॅमिन सी आणि औषधाचं बिल तेवढं तुमच्याकडे, दुकानाच्या पावतीसकट. येत्या रविवारी मी स्वतः येतो. तोवर बोअरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि वहिनींना सांगा, चहाचा मुद्दा माझ्या डोक्यात आहे.