काका, नुसतं तापमान वाढवून भागणार नाही

काका, नमस्कार. कागदाच्या लगद्याच्या गिरणीत कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) परत मिळवण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, सोडियम कार्बोनेट आणि टायटेनेट (टायटेनियमचं संयुग) यांच्या अभिक्रियेचा वेग मोजत बसण्यापेक्षा भट्टी 50 अंशांनी जास्त तापवा, काम झालं. आणि जँडरच्या समीकरणात (घन पदार्थांच्या अभिक्रियेचा वेग सांगणारं सूत्र) मोजणीचे ठिपके सरळ रेषेवर आले म्हणून काही सिद्ध होत नाही. दुसरं म्हणणं रास्त आहे. पहिलं मला अजिबात पटत नाही.

ब्लॅक लिकर (लगदा शिजवल्यावर उरलेलं काळं द्रावण) जाळल्यावर उरलेल्या कार्बोनेटचा कॉस्टिक करायला आज चुना लागतो, आणि चुन्याचा गाळ परत भाजायला वेगळी भट्टी. टायटेनेटच्या वाटेत ही वेगळी भट्टी लागतच नाही: दोन्ही घन पदार्थ कोरडेच तापवायचे, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग गरम पाण्यात कॉस्टिक सुटतो आणि टायटेनेट पुन्हा वापरात येतं.

आता तुमचे 50 अंश. सोडियम कार्बोनेट 851 अंशांना वितळतं. आपण 800 वर असलो तर तुम्ही मला थेट उंबरठ्यावर नेऊन उभं करता. पुढे कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, फ्लुइडाइज्ड बेड (वायूच्या झोतावर तरंगता ठेवलेला कणांचा थर) बसतो. बरं, मिळकत किती? सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलमागे 200 किलोजूल धरा: 800 वरून 850 वर वेग जेमतेम पावणेतीनपट होतो. याउलट, अभिक्रियेचा वेग विसरणानं (आयन घन थरातून हळूहळू सरकण्यानं) रोखलेला असेल, तर कणाची त्रिज्या निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्शावर येतो, तेही तापमानाला हात न लावता. कणाभोवती तयार मालाचा थर जाड होत जातो आणि आयनांना तो ओलांडायलाच वेळ लागतो. जँडरनं 1927 मध्ये हेच मांडलं.

सरळ रेषेबद्दल. जँडरनं हा थर सपाट मानला. गोलाकार कणाचा हिशेब 1950 मध्ये गिन्स्टलिंग आणि ब्राउनश्टाइन यांनी नीट केला. अभिक्रिया थोडीच पुढे गेली असताना दोन्ही समीकरणं सारखीच सरळ दिसतात, म्हणून रेषेवर विसंबू नये. कण वेगवेगळ्या जाळ्यांतून चाळून घ्यावेत. वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढला तर विसरण, नुसत्या त्रिज्येप्रमाणे वाढला तर पृष्ठभागावरची अभिक्रिया. शिवाय नुसत्या नायट्रोजनच्या झोतात मोजलेला वेग फसवा असतो. खऱ्या भट्टीतल्या वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, आणि तो अभिक्रियेला मागे ढकलतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, बडोद्यात बसून हे कशाला? आपल्याकडच्या गिरण्यांना उसाचं चिपाड आणि गव्हाचा पेंढा परवडतो, आणि दोन्हींत सिलिका असते. ती चुन्याच्या गाळात जाऊन बसते. गाळ निथळत नाही, आणि तोच गाळ पुन्हापुन्हा भाजला तर सिलिका साचत जाते. म्हणून चुन्याला पर्याय हवा. टास्मानियात बर्नीच्या गिरणीत आयर्न ऑक्साइडनं हे करून पाहिलं गेलं, पण तिथला लगदा गंधकाशिवाय शिजवलेला होता. गंधक असेल तिथे लोखंडाचा सल्फाइड होतो, म्हणून क्राफ्ट (गंधकाची संयुगं वापरून लगदा शिजवणाऱ्या) गिरणीसाठी मी टायटेनेटवर भर देते.